सव्वादोनचा हात

निमगाव केतकीत दुपारची लाइट गेली की सगळ्यांत आधी द्वारकाबाईची पिठाची गिरणी गप्प व्हायची. बंद पडलेला पंखा माणसाला जरा उशिरा कळतो, पण गिरणीचा पट्टा थांबला की सगळी पेठ मान वर करायची. मग पाचेक मिनिटांत कोपरापर्यंत पीठ माखलेली द्वारकाबाई रस्ता ओलांडून समोरच्या नूरजहाँच्या बांगड्यांच्या दुकानाची पायरी चढायची. लाइट येईपर्यंत दोघींच्या गप्पा. सगळं गाव वीज कंपनीच्या नावानं खडे फोडत असायचं तेव्हा या दोघी गालातल्या गालात हसायच्या. वीस वर्षांचा हा नेम होता.

द्वारकाबाई कार्तिकात वारली. नेम काही मोडला नाही.

लाइट जायची, पट्टा थांबायचा, आणि नूरजहाँनं मान वर केली की द्वारकाबाई पायरीवर उभी असायची. आत यायची नाही, बसायची नाही, बोलायची नाही. बांगड्या भरायला बाया करतात तसा उजवा हात पुढं करून नुसती उभी. नूरजहाँ काउंटरमागं बसल्या जागी थिजायची. ओठांतल्या ओठांत कलमा म्हणायची, डोळे मिटायची, उघडायची. हात तिथंच असायचा. लाइट आली, समोर पट्ट्याची थपथप सुरू झाली की पायरी रिकामी व्हायची आणि नूरजहाँच्या पाठीवरचा घाम तेवढा उरायचा.

काउंटरच्या काचेवर कधीकधी पिठाचा पातळ थर सापडायचा. सून अस्मा फडक्यानं पुसत म्हणायची, "अम्मी, समोरच्या गिरणीतनं उडून येतंय." असेलही. गिरणी आता द्वारकाबाईचा नवरा रामहरी चालवत होता आणि पीठ काही मालक बघून उडत नाही. पण बंद गिरणीतनं पीठ कसं उडतं, हे अस्मानं सांगितलं नाही आणि नूरजहाँनं विचारलं नाही.

नूरजहाँ भित्री नव्हती. ऐन चाळिशीत नवरा युनूस गेला, तेव्हापासून दुकान एकटीनं चालवलं होतं. बांगड्यांचं गाठोडं घेऊन सणसरपर्यंतच्या वाड्यावस्त्या पायी तुडवल्या होत्या. भूत बघून ओरडायचं तिचं वय नव्हतं आणि स्वभावही नव्हता. तिला भीती होती ती त्या पुढं केलेल्या हाताची. तो हात काय मागतोय ते तिला ठाऊक होतं, आणि सगळ्या गावात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

आणि हे सगळं नेमकं आताच चाललं होतं. रमजानच्या आधी बारामतीहून मक्केला, उमराहला एक जथा निघणार होता, त्यात नूरजहाँचं नाव होतं. पैसे भरून झाले होते, पासपोर्ट आला होता, अस्मानं पांढऱ्या कपड्यांचे दोन जोड शिवून ठेवले होते. सतरा दिवस उरले होते. जायला पैसा लागतो, कागदपत्रं लागतात, सुई टोचून घ्यावी लागते, पण त्या सगळ्याच्या आधी लागते ती माफी. निघण्यापूर्वी घरोघरी जाऊन म्हणायचं असतं, आमचं काही बोलणं-चालणं मनाला लागलं असेल तर माफ करा. इथल्या माणसाचा हक्क अंगावर ठेवून तिथं उभं राहिलं तर त्या उभं राहण्याला काय अर्थ, असं नूरजहाँची आई म्हणायची.

नूरजहाँ गेले पंधरा दिवस रोज चार-चार घरं करत होती. तिची ही माफी गावाला गंमतच वाटत होती. "आवो भाबी, तुमी आमचं काय वाकडं केलंय?" म्हणून बाया चहा ठेवायच्या. एकीनं तर सांगितलं, "त्या दिवाळीला तुमी भरलेल्या लाल बांगड्या आठ दिवसांत फुटल्या, तेवढं सोडून बाकीचं समदं माफ." पन्नासएक घरं झाली. एक राहिलं. ते समोरचंच होतं, दुकानाच्या पायरीपासून तीस पावलांवर, आणि तेवढी तीस पावलं तिच्याच्यानं टाकवत नव्हती.

कारण सांगायचं तर भिशीपासून सांगावं लागेल.

नूरजहाँची भिशी नऊ वर्षं चालली होती आणि एकदाही तिच्यावरून भांडण झालं नव्हतं. नऊ वर्षं बाया एकत्र येतात आणि भांडत नाहीत, याचं आश्चर्य खुद्द बायांनाही वाटायचं. बारा जणी, महिन्याला पाच-पाच हजार, स्टीलच्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या. जिची चिठ्ठी निघेल तिला त्या महिन्याचे साठ हजार. बोली नाही, व्याज नाही, म्हणूनच नूरजहाँला ती चालायची. बँकेतल्या व्याजाला तिनं कधी हात लावला नव्हता. पहिली पाळी रिवाजाप्रमाणं भिशी चालवणारीची. बाकीच्या अकरा जणींचं चिठ्ठी ठरवेल ते.

गेल्या वर्षी जूनमध्ये नवी भिशी लागली तेव्हा एका बाईची सून उत्कर्षा बसायला आली होती. ती बारामतीत गुंतवणुकीच्या ऑफिसात कामाला. तिला बघून बायांची भीड चेपली आणि प्रश्नांना ऊत आला. सोनं घ्यावं का एफडी करावी? म्युच्युअल फंड बुडतो का? पाचशे रुपयांची एसआयपी करून कुणी कधी श्रीमंत झालंय का? नवऱ्याला न सांगता खातं काढता येतं का? या शेवटच्या प्रश्नाला सगळ्यांत जास्त हशा झाला आणि सगळ्यांत जास्त कानही टवकारले गेले. नूरजहाँनं विचारलं, व्याज न खाता पैसा कुठं ठेवावा? उत्कर्षा पोरगी सरळ होती. "विचारून सांगते चाची, उगाच काहीतरी ठोकून देत नाही," म्हणाली. मग भिशीवर आली.

"भिशी सोडा असं मी म्हणणार नाही. पण एक लक्षात घ्या, भिशीतला पैसा आपल्याला गरज असेल तेव्हा मिळत नाही, नाव निघेल तेव्हा मिळतो. अडीनडीचा पैसा वेगळा पाहिजे, कधीही हात घालता येईल असा."

"आमच्यात समदं आबाच बघत्यात बाई," द्वारकाबाई म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला. कारण आबांची, म्हणजे रामहरीची, एफडी सगळ्या गावाला पाठ होती. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मिळालेले तीन लाख त्यानं पाच वर्षांच्या मुदतीनं बँकेत टाकले होते, धाकट्या लेकीच्या, श्रेयाच्या शिक्षणाला आणि लग्नाला. जन्मात एकच गुंतवणूक केली, पण गहू दळायला आलेल्या प्रत्येकाला तिची कथा ऐकल्याशिवाय पीठ मिळायचं नाही. "पाच वर्सं हात लावायचा न्हाय. मी मेलो तरी मोडायची न्हाय," असं तो छाती पुढं काढून सांगायचा. पुरुषांनी असं काही ठरवलं की घरातल्या बाया ते दगडावर कोरल्यासारखं पाळतात, हे त्या शहाण्याला कोण सांगणार.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी दुकानात ही गर्दी. सगळ्या उरकल्या, लाइट गेली, आणि द्वारकाबाई आपली बांगड्या भरायला येऊन बसली. नूरजहाँनं न विचारता अडीचच्या मापाचा डबा काढला. वीस वर्षं ती या हातात अडीचच भरत आली होती. अंगठ्याच्या मुळाशी बांगडी अडायची, दाबावं लागायचं, द्वारकाबाई "आई गं" करायची आणि मग ती सरकायची. त्या दिवशी बांगडी अडलीच नाही. नळकांड्यातून गेल्यासारखी कोपरापर्यंत गेली. नूरजहाँनं मधलं माप घेतलं. तेही सैल. शेवटी सव्वादोन बसलं. सव्वादोन म्हणजे नवीन लग्न झालेल्या पोरींचं माप.

गावातल्या बायांची तोंडं नूरजहाँ एकवेळ विसरेल, मनगटं विसरायची नाही. कुणाला दिवस गेलेत, कुठली सून सासरी अर्धपोटी राहते, कुणाच्या अंगात ताप मुरलाय, हे तिला हात हातात घेतला की कळायचं. ते काही जादूटोणा नव्हे, चाळीस वर्षांचा धंदा. द्वारकाबाईचा हात हातात होता आणि नूरजहाँला कळलं की ही बाई आतून संपत चालली आहे.

"वाळलीस गं, द्वारका."

"गिरणीचं काम, भाबी. चालायचंच." मग इकडंतिकडं बघून ती म्हणाली, "भाबी, ह्या महिन्याची चिठ्ठी मला देता यील का?"

"देता यील म्हंजी? जिची निघंल तिला."

"तसं न्हवं. काढायच्या आधीच. मला साठ हजाराचं जरा काम हाय."

"कसलं काम?"

द्वारकाबाई हातातल्या नव्या बांगड्या फिरवत राहिली. "हाय आपलं," म्हणाली.

"मग आबांना माग की. तीन लाखाची एफडी काय लोणचं घालाया ठिवलीय?"

"त्ये श्रेयाचं हाय. त्येला हात लावायचा न्हाय."

"आन् चिठ्ठीचा नेम मोडायचा व्हय? आज तुला दिली तर उद्या समद्या दारात उभ्या ऱ्हातील. न्हाय द्वारका, नेम त्यो नेम."

"व्हय, त्ये बी खरंच हाय म्हणा." द्वारकाबाई हसली. "निघंल की यंदा माझीच." तिनं हात मात्र लगेच काढून घेतला नाही. नूरजहाँच्या हातात तो थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि मग लाइट आली.

नूरजहाँ नेमाचं बोलली ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. पहिल्या पाळीचे साठ हजार तिच्या कपाटात, डब्यात, जसेच्या तसे होते. उमराहसाठीचे. हा डबा आधी दोनदा भरला आणि दोनदा रिकामा झाला होता. एकदा युनूसच्या दुखण्यात, एकदा पोरगा परवेजच्या मोबाइलच्या दुकानात. तिसऱ्यांदा तिनं शपथ घेतली होती की आता छत कोसळलं तरी या डब्याला हात लावायचा नाही. द्वारकाबाई बोलत होती तेव्हा सगळा वेळ नूरजहाँच्या डोळ्यांसमोर तो डबा होता. "चिठ्ठी राहू दे, हे घे माझ्यातले," एवढं म्हणायला किती वेळ लागतो? तिनं ते म्हटलं नाही. कसलं काम, हेही पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर द्यावे लागले असते.

त्या महिन्याची चिठ्ठी दुसऱ्याच एका बाईची निघाली. तिनं फ्रिज घेतला आणि सगळ्यांना घरी बोलावून गार सरबत पाजलं. द्वारकाबाई दोन ग्लास प्यायली. पुढच्या दोन महिन्यांतही तिचं नाव निघालं नाही. दिवाळीनंतर ती गिरणीतच चक्कर येऊन पडली, बारामतीला नेली, तिथल्या डॉक्टरांनी गर्भाशयात गाठ आहे, ती फार पसरली आहे, असं सांगितलं. तिच्या पिशवीत श्रावणातलीच एक चिठ्ठी सापडली, त्यावर ऑपरेशन महिनाभरात करून घ्या असं दुसऱ्या डॉक्टरनं लिहून दिलं होतं. आठव्या दिवशी ती गेली.

रामहरी सुतकातून उठला आणि गिरणीवर बसला. गहू घेऊन आलेल्या प्रत्येकाला तो आता एफडीऐवजी हे सांगायचा, "तिला कापाकापीचं लई भ्याव. म्हणून कुणाला कळूच दिलं न्हाय बघा. एका शब्दानं कुणाला बोलली न्हाय, काय मागितलं न्हाय. तिचीच विच्छा न्हवती, तितं आपण काय करनार?" सांगून झालं की तो खटका ओढायचा आणि पट्टा सुरू व्हायचा. लोक मान हलवायचे. नूरजहाँ समोरून ऐकायची आणि मान खाली घालून बांगड्यांचे डबे उगाच वरखाली लावत बसायची. पुढच्या महिन्यात चिठ्ठी निघाली ती द्वारकाबाईची. हप्ते श्रेया भरत होती. साठ हजार रामहरीनं नेले आणि त्यांचीही एफडी केली.

शेवटी नूरजहाँनं मशिदीतल्या मौलानांना गाठलं. नाव घेतलं नाही. म्हणाली, माणूस मेलं असलं तर माफी कुणाकडं मागायची? मौलाना म्हणाले, मेलेल्याचा हक्क वारसांकडं जातो. त्यांच्याकडं जा, आणि काय केलं ते सांगून माग. नुसतं "माफ करा" म्हणून दुसऱ्याला अंधारात ठेवून घेतलेली माफी कसली?

तिनं मंगळवार निवडला. मंगळवारी गिरणी बंद असायची. रामहरी वरचा दगड उतरवून छिन्नीनं जात्याला टाकी लावत बसला होता. घरात श्रेया बारामतीच्या कॉलेजला निघायच्या तयारीत होती. नूरजहाँला बघून रामहरीनं पोतं झटकून बसायला दिलं.

"या भाबी. निघायचा दिस जवळ आला म्हनं."

"धा दिस ऱ्हायल्यात. माफी मागाया आले, रामहरीभाऊ."

"आवो, तुमची कसली माफी? तिच्या जिवाभावाच्या तुमी. समदं माफ." तो हसला आणि पुन्हा टाकी लावू लागला.

तिथंच नूरजहाँ उठली असती तर? तोंडानं माफी तर मिळाली होती. पण ती खरी माफी घ्यायला आली होती आणि एकदा मनाशी धरलं की सोडायचं नाही हा तिचा जन्माचा स्वभाव.

"असं न्हाय," ती म्हणाली. "आधी ऐकून घ्या, मग करा."

तिनं सगळं सांगितलं. पंचमीचा आदला दिवस, सव्वादोनचं माप, हातावरून आपल्याला काय कळलं ते, चिठ्ठी मागितलेली, नेम सांगून परत पाठवलेली. कपाटातला डबाही सांगितला. काहीच ठेवलं नाही. बोलता बोलता ती रडत होती आणि रडता रडता तिला हलकं वाटत होतं, घरात शिरताना छातीवर जे होतं ते एकेका वाक्याबरोबर उतरत होतं. टाकीचा आवाज कधी थांबला ते तिच्या ध्यानात आलं नाही. श्रेया दप्तर खांद्याला लावून दारात उभी होती.

"तिनं मागितलं?" रामहरीनं विचारलं.

"व्हय."

"सोताच्या तोंडानं?"

"व्हय, भाऊ."

रामहरी हातातल्या छिन्नीकडं बघत बसला. मग तो म्हणाला, "माफ केलं, भाबी. तुमी सुखानं जावा. तुमचा नेम व्हता, तुमी पाळला." आणि ती उठायला लागली तसा हलक्या आवाजात, "माझ्याकडं का मागितलं न्हाय, त्ये काय बोलली का?"

इथं खोटं बोलता आलं असतं. न्हाय, काय बोलली न्हाय, एवढं पुरे होतं. पण नूरजहाँ साफ व्हायला आली होती.

"म्हनली, त्ये श्रेयाचं हाय. त्येला हात लावायचा न्हाय."

रामहरीनं दोनदा मान हलवली. आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून माणूस हलवतो तशी.

त्या दुपारी लाइट गेली. नूरजहाँनं श्वास रोखून मान वर केली. पायरीवर ऊन पडलं होतं. दुसऱ्या दिवशीही ऊनच. तिसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम उठून पायरीवर जाऊन बघितलं, आणि परत येऊन अस्माला म्हणाली, आज जेवायला काहीतरी गोड कर. कित्येक महिन्यांनी तिला भूक लागली होती. बॅग भरली, जथ्यातल्या बायांशी फोनवर बोलली, अस्माला दुकानातले माप-भाव दहा वेळा समजावले. काउंटरची काच स्वच्छ होती. आपण निर्मळ झालो, असं तिला खरोखर वाटलं, आणि या वाटण्याच्या भरात समोर काय चाललंय तिकडं तिचं लक्ष गेलं नाही. गिरणी आठवडाभर बंद होती. लाइट असतानाही बंद होती. बाया दळणाचे डबे घेऊन परत जात होत्या.

निघायला दोन दिवस राहिले असताना श्रेया आली. वरच्या पायरीवर बसली, आत आली नाही.

"येऊन बस की पोरी. आबा कुठं गावाला गेल्यात का? गिरणी बंद दिसती."

"घरीच हायत." श्रेया रस्त्याकडं बघत होती. "गिरणी लावूच देत न्हाईत. मी खटका ओढला तर अंगावर आले. म्हणतात, पट्ट्याचा आवाज झाला की तुझी आई काय म्हणती ते ऐकू येत न्हाय."

नूरजहाँच्या हातातला डबा खाली टेकला.

"दारात उभी असती म्हणं," श्रेया म्हणाली. "नुसता हात पुढं करती. चाची, तुमी त्यांना असलं काय बोलला होता का?"

"न्हाय गं." तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. अस्मालासुद्धा नाही.

"मग त्यांचंच डोकं म्हणायचं." श्रेयानं ओढणीनं तोंड पुसलं. "काल न सांगता बारामतीला जाऊन आले. मला वाटलं दवाखान्यात गेले. बँकेत गेले होते. तितल्या साहेबाला विचारलं, गेल्या श्रावणात एफडी मोडली असती तर माझं किती नुकसान झालं असतं? साहेबानं मशीनवर हिशोब करून दिला. कमी झालेलं व्याज आन् दंड धरून तीन हजार चारशे रुपये. ते कागदावर लिहून आणलंय. सकाळपासनं तेवढंच बोलत्यात. ताटावर बसलं तरी, तीन हजार चारशे. मी कॉलेजला जाऊ कशी?"

नूरजहाँ उठून पायरीपर्यंत आली. पोरीच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, ठेवता आला नाही.

"आबा सगळ्यांना सांगायचे ना, तिची विच्छा न्हवती," श्रेया म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. "मला कधी खरं वाटलं न्हाय. पण मी गप ऱ्हायले, कारण त्याच्यावर त्यांना झोप लागत होती. इतके दिवस आमच्या घरात आई आजारानं गेली होती, चाची. आता ती तीन हजार चारशे रुपयांपायी गेली."

रस्त्यावरून इंदापूरची एसटी गेली. धुरळा पायरीवर येऊन बसला.

"मी काय करू, पोरी?" नूरजहाँ तिच्याशेजारी पायरीवर बसली. "जाऊ नको का मी? तू म्हन, आत्ता बॅग सोडते. काय करू, सांग."

श्रेया उठली, ओढणी झटकली.

"मला काय विचारता चाची," ती म्हणाली. "आमी तुमाला माफ केलंय."